लॅपटॉपची क्षमतावाढ आणि हमीचे संरक्षण

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा होय. पश्चिमेस भंडारदरा-रतनवाडीच्या मुसळधार पावसाच्या डोंगराळ भागापासून आग्नेयेस जामखेडच्या कोरड्या माळापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्याच्या १४ तालुक्यांत शासनाचे गावपातळीवरील कामकाज गेल्या दहा-बारा वर्षांत एका लहानशा यंत्रावर येऊन ठेपले आहे. ई-फेरफारची नोंद घ्यावयाची असो, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा तपासावयाचा असो, शाळेची 'सरल' अथवा 'यूडायस'वरील माहिती भरावयाची असो, किंवा ग्रामपंचायतीचा जमाखर्च ई-ग्रामस्वराज प्रणालीवर चढवावयाचा असो, लॅपटॉपवाचून यांपैकी एकही काम पुढे सरकत नाही. तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आणि ग्रामसेवकांचे ग्रामपंचायत अधिकारी. परंतु त्यांच्या पिशवीतील यंत्र मात्र बहुधा तेच, जुनेच आहे.

या यंत्रांविषयी सर्वत्र ऐकू येणारी तक्रार एकच, ती म्हणजे मंदगतीची. सकाळी कळ दाबावी आणि चहा होईपर्यंत पडदा उघडू नये, दोन संकेतस्थळे एकाच वेळी उघडली की यंत्राने मान टाकावी, हा अनुभव सार्वत्रिक आहे. अशा वेळी दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, यंत्र निर्लेखित करून नवे घ्या. दुसरा म्हणतो, बाजारात न्या, पाऊण तासात नवे भाग बसवून मिळतील. पहिल्यात पैसा जातो. दुसऱ्यात हमी, म्हणजेच बोलीभाषेतील वॉरंटी, जाण्याचे भय असते. हे भय कितपत खरे आहे आणि ते टाळून यंत्राची क्षमता कशी वाढविता येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रारंभी एक उदाहरण देतो. पाथर्डी तालुक्यातील एका प्राथमिक शिक्षकांनी स्वतःच्या पैशाने लॅपटॉप घेतला. हमी तीन वर्षांची. दुसऱ्या वर्षी त्यांनी तालुक्याच्या गावी एका दुकानात त्यात जादा रॅम आणि एसएसडी बसवून घेतली. यंत्र अक्षरशः पळू लागले. तीन महिन्यांनी त्याचे चार्जिंग बंद पडले. कंपनीचा तंत्रज्ञ आला, त्याने झाकण उघडले, आत बाहेरची रॅम पाहिली आणि "हमी संपली" असे तोंडी सांगून तो निघून गेला. मदरबोर्ड बदलण्यासाठी गुरुजींनी जी रक्कम भरली ती यंत्राच्या मूळ किमतीच्या निम्म्याच्या जवळ जाणारी होती. चार्जिंगचा बिघाड आणि रॅम यांचा संबंध काय, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही; कारण असा प्रश्न विचारता येतो हेच त्यांना ठाऊक नव्हते.

हमी कशाची असते?

हमी हा निर्माता आणि ग्राहक यांच्यातील करार आहे. निर्मात्याने पुरविलेल्या भागात घडणीचा अथवा साहित्याचा दोष ठरावीक मुदतीत आढळल्यास तो दुरुस्त करून देण्याचे वचन त्यात असते. पडल्यामुळे, पाणी सांडल्यामुळे, विजेच्या लहरीमुळे अथवा अनधिकृत हाताळणीमुळे झालेले नुकसान त्यातून वगळलेले असते. येथे शब्द नीट वाचावयास हवेत. बहुतेक नामांकित कंपन्यांच्या हमीपत्रांत 'ग्राहकाने झाकण उघडल्यास संपूर्ण हमी रद्द' असे वाक्य नसते. तेथे साधारणपणे असे असते की, कंपनीने न पुरविलेल्या भागांना ही हमी लागू नाही, आणि अशा भागांमुळे किंवा त्यांच्या जोडणीमुळे झालेले नुकसान हमीत बसत नाही. या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात यंत्र उघडणे हाच गुन्हा ठरतो. दुसऱ्यात नुकसानीचे कारण पाहिले जाते.

डेल, एचपी, लेनोवो यांसारख्या कंपन्या आपल्या बहुतेक मॉडेलांची देखभाल-पुस्तिका संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतात. तळाचे झाकण कसे काढावे, कोणता स्क्रू कोठला, रॅम कोणत्या कोनात बसवावी, हे त्यांत चित्रांसह दिलेले असते. काही भागांना तर 'ग्राहकाने स्वतः बदलण्याजोगा भाग' असे नावच असते. असा भाग हमीच्या काळात बिघडला तर कंपनी तो टपालाने पाठविते आणि ग्राहकाने तो बसवावा अशी अपेक्षा ठेवते. जी कंपनी स्वतःच ग्राहकाला झाकण उघडावयास सांगते, तिला झाकण उघडल्याबद्दल हमी नाकारणे जड जावे, हे उघड आहे. मात्र कोणता भाग या वर्गात मोडतो हे प्रत्येक मॉडेलागणिक बदलते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांपैकी एकात रॅम सहज बदलता येते आणि दुसऱ्यात ती मदरबोर्डवर डाखलेली असते. ॲपलच्या २०२० नंतर आलेल्या स्वतःच्या चिपवरील मॅकबुकांत तर स्मृती चिपच्या वेष्टनातच असते. तेथे जे विकत घेताना घेतले तेवढेच. नंतर वाढ करण्याचा मार्ग नाही.

काही यंत्रांत एखाद्या स्क्रूवर 'काढल्यास हमी रद्द' अशी चिकटपट्टी असते. अशी पट्टी दिसली तर ती स्वतःच्या हाताने काढू नये. त्या पट्टीला कायदेशीर बळ किती हा वादाचा विषय असला, तरी तो वाद लॅपटॉप बंद पडल्यानंतर, पाथर्डी वा शेवगावहून फोनवर घालावा लागणार हे लक्षात घ्यावे. त्यापेक्षा कंपनीच्या ग्राहकसेवेला ई-मेल करून, मॉडेल व सिरीयल क्रमांक देऊन दोन प्रश्न विचारावेत. या यंत्रात ग्राहकाला रॅम किंवा एसएसडी वाढविता येते काय? वाढविल्यास उर्वरित यंत्राच्या हमीवर परिणाम होतो काय? उत्तर येते. ते छापून बिलाबरोबर टाचून ठेवावे. फोनवर मिळालेले उत्तर पुढे कोणाला आठवत नाही. म्हणून फोनवर विचारलेच तर तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि तोच मजकूर ई-मेलने पक्का करून घ्यावा.

कायद्याची बाजू

नुकसानीच्या कारणावर हमी अवलंबून असावी, हे तत्त्व आपल्या देशात मोटारींच्या प्रकरणात स्पष्टपणे मांडले गेले. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर निर्णय देताना १४ मोटार उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती करून घेतली एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट उत्पादकांनी घालू नये, आणि बाहेरच्या सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच हमी नाकारावी, असा आदेश त्यात होता. या निर्णयाविरुद्ध पुढे अपिले झाली. शिवाय तो मोटारींपुरता आहे. लॅपटॉपला तो आपोआप लागू होत नाही. तरीही त्यामागील विचार ग्राहकाच्या तक्रारअर्जात निःसंकोच मांडता येण्याजोगा आहे.

परदेशाचा विचार केला तर अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस हमी कायदा याच विषयावर आहे. विशिष्ट कंपनीचेच भाग वापरण्याच्या अटीवर हमी बांधून टाकण्यास तो सर्वसाधारणपणे मनाई करतो. त्याच्या आधारे तेथील फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना इशारापत्रे पाठविली, आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा पाठविलेल्या पत्रांत संगणकाचे भाग बनविणाऱ्या एसरॉक, गिगाबाइट व झोटॅक या कंपन्यांच्या 'काढल्यास हमी रद्द' अशा चिकटपट्ट्यांवर आक्षेप घेतला. आपल्याकडे या स्वरूपाचा स्वतंत्र कायदा नाही. मात्र केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. निरनिराळ्या कंपन्यांच्या हमीच्या अटी व सेवेची माहिती एका ठिकाणी मिळावी हा त्याचा उद्देश. शेती अवजारे, मोबाइल व इतर इलेक्ट्रॉनिक साधने, घरगुती वापराच्या टिकाऊ वस्तू आणि मोटारी ही त्याची क्षेत्रे ठरविण्यात आली.

काय बदलावे, काय बदलू नये

यंत्र मंद का आहे हे कळल्यावाचून त्यात भर घालणे व्यर्थ होय. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. घरच्या लॅपटॉपसाठी त्याने उत्साहाने जी रॅमची पट्टी आणली ती मेजावरच्या मोठ्या संगणकाची निघाली आणि लॅपटॉपच्या खाचेपेक्षा जवळजवळ दुप्पट लांब असल्याने पुढे कित्येक महिने कपाटात पडून राहिली. तेव्हा जे शिकलो ते सांगतो.

विंडोजमधील 'टास्क मॅनेजर' उघडून 'परफॉर्मन्स' या पानावर 'मेमरी' निवडावी. एकूण रॅम किती, त्यांतली वापरात किती, आणि किती खाचांपैकी किती भरलेल्या आहेत, हे तेथेच दिसते. नेहमीच्या कामाच्या वेळी वापर सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास राहत असेल तर रॅम अपुरी आहे. त्याच पानावर 'डिस्क'चा वापर शंभर टक्क्यांना टेकलेला दिसत असेल आणि डिस्क जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोष तिचा. प्रत्यक्षात जुन्या यंत्रांत हा दुसराच दोष अधिक आढळतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० मेगाबाइट माहिती वाचते. सॅटा पद्धतीची एसएसडी ५०० मेगाबाइटच्या आसपास, आणि एनव्हीएमई पद्धतीची ३,००० मेगाबाइटच्याही पुढे जाते. विखुरलेल्या लहान फाइली शोधून वाचण्याच्या कामात तर हे अंतर याहूनही मोठे असते, कारण एसएसडीत फिरणारा भागच नाही. एकच भाग घेण्याइतके पैसे असतील आणि यंत्रात हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भाग घेताना जात जुळावी लागते. लॅपटॉपच्या डीडीआर-३ रॅमला २०४, डीडीआर-४ ला २६० आणि डीडीआर-५ ला २६२ पिना असतात. त्यांच्या खाचा व विद्युतदाब निराळे असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही, बळजबरी केल्यास खाच मोडते. आणि बळजबरीने मोडलेली खाच कोणत्याही हमीत बसत नाही. यंत्र कमाल किती रॅम स्वीकारते हे देखभाल-पुस्तिकेत पाहावे. एसएसडीचेही तसेच आहे. 'एम-२' आकाराच्या पट्टीवर २२८० असे लिहिलेले असते. २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी असा त्याचा अर्थ. पण आकार जुळला म्हणजे झाले असे नव्हे. त्याच आकारात सॅटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती येतात आणि काही यंत्रे त्यांतील एकच ओळखतात. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमच्या किमती बऱ्याच चढल्या आहेत. त्यामुळे चुकीची पट्टी आणण्याचा भुर्दंड पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे.

प्रोसेसर बदलण्याचा नाद मात्र सोडावा. आजच्या लॅपटॉपांत तो मदरबोर्डवर कायमचा डाखलेला असतो. याचा एक व्यावहारिक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. विंडोज-१० ला मिळणारी सर्वसाधारण सुरक्षा-सुधारणांची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज-११ साठी किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण पुरते, परंतु त्याबरोबर टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलचा असल्यास ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील. सातव्या पिढीच्या यंत्रात कितीही रॅम भरली तरी ते या यादीत येत नाही. अशा यंत्रावर नागरिकांची माहिती हाताळली जात असेल, तर खर्च करण्यापूर्वी कार्यालयप्रमुखांनी हा मुद्दा तपासणे अगत्याचे आहे. अशी जुनी यंत्रे बहुधा हमीच्या बाहेरच गेलेली असतात. तेथे प्रश्न हमीचा उरत नाही, खर्च वाया न जाण्याचा उरतो.

यंत्र शासनाचे असल्यास

शिक्षकाने स्वतः घेतलेल्या यंत्राचा मालक तो स्वतः. ग्रामपंचायतीच्या अथवा कार्यालयाच्या यंत्राचे तसे नाही. तेथे हमीचा करार खरेदी करणाऱ्या कार्यालयाशी झालेला असतो आणि यंत्र वापरणारा कर्मचारी हा केवळ त्याचा ताबेदार असतो. म्हणून त्याने परस्पर दुकानात जाऊन भाग बदलणे, मग ते स्वतःच्या खिशातून का असेना, योग्य नाही. सद्भावनेने केलेल्या अशा कामामुळे संपूर्ण कार्यालयाचा हमीचा हक्क अडचणीत येऊ शकतो. शिवाय लेखापरीक्षणाच्या वेळी नोंदवहीतील वर्णन आणि प्रत्यक्ष वस्तू जुळत नाहीत, ही नवीच अडचण उभी राहते.

शासनाच्या 'जेम' संकेतस्थळावरून घेतलेल्या यंत्रांची हमी किती वर्षांची आणि जागेवर येऊन सेवा देण्याची आहे किंवा नाही, हे त्या खरेदीच्या करारात नमूद असते. ती प्रत बहुधा पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेत पडून असते आणि गावाकडे फक्त यंत्र येते. सरपंचांनी वा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तिची छायाप्रत मागून घ्यावी. हमीच्या काळात क्षमता वाढवावयाची असल्यास सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे पुरवठादाराकडून किंवा अधिकृत सेवा केंद्राकडूनच दरपत्रक मागवून, त्याच्याकडूनच भाग बसवून घेणे. दोन पैसे जास्त पडतात. पण पुढील बिघाडाच्या वेळी 'हे कोणी बसविले' हा प्रश्नच उद्भवत नाही. तांत्रिक मत हवे असल्यास जिल्हाधिकारी कार्यालयातील राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या शाखेकडे अथवा जिल्हा परिषदेच्या संगणक कक्षाकडे विचारणा करता येते. काम झाल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना १६ मधील, म्हणजे जडवस्तू संग्रह व जंगम मालमत्ता नोंदवहीतील नोंदीत नव्या भागाचे नाव, सिरीयल क्रमांक व तारीख लिहावी. काढलेला जुना भागही ग्रामपंचायतीचीच मालमत्ता असल्याने त्याचीही नोंद ठेवावी.

त्या जुन्या भागाबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. काढलेली हार्ड डिस्क दुकानदाराकडे 'राहू द्या' म्हणून सोडून येण्याची रीत फार धोक्याची आहे. तिच्यात गावकऱ्यांचे आधार क्रमांक, बँक खात्यांचे तपशील, विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा असतात. फाइली पुसल्या तरी त्या परत काढता येतात. हमीखाली डिस्क बदलून मिळते तेव्हाही बहुतेक कंपन्या जुनी डिस्क परत मागतात; माहिती संवेदनशील असल्यास डिस्क स्वतःकडे ठेवण्याची जादा सेवा मिळते काय, हे खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावे.

प्रत्यक्ष काम करताना

हमीपत्र अनुकूल आहे, लेखी उत्तर हाती आहे आणि यंत्र स्वतःचे आहे, असे गृहीत धरू. काम सुरू करण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. नंतर यंत्रात 'बिटलॉकर' वा तत्सम कुलूप लागलेले आहे काय ते पाहावे. विंडोज-११ च्या अनेक यंत्रांत ते आपोआप लागलेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. डिस्क किंवा मदरबोर्ड बदलल्यावर यंत्र अचानक ४८ अंकी पुनःप्राप्ती-क्रमांक मागते आणि तो नसेल तर स्वतःचीच माहिती स्वतःला उघडता येत नाही. तो क्रमांक आधीच कागदावर उतरवून घ्यावा.

आपल्या कार्यालयांपुरती आणखी एक अडचण आहे. नवी एसएसडी कोरी घालून विंडोज नव्याने बसविले की जुने मराठी टंक आणि त्यांची टंकलेखन-आज्ञावली नाहीशी होते. मग वर्षानुवर्षांची इतिवृत्ते उघडल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. युनिकोडपूर्वीच्या टंकांत टंकलिखित केलेल्या कागदपत्रांचा साठा ज्यांच्याकडे आहे त्यांनी टंकांची व परवान्याची व्यवस्था आधी लावावी, किंवा जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवून घ्यावी. डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र यूएसबी टोकनमध्ये असल्याने ते जात नाही. त्याचे चालक-सॉफ्टवेअर मात्र पुन्हा घालावे लागते.

यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढावा. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॅटरीची जोडणी आधी सोडवावी. काही यंत्रांत बायोसमधूनच बॅटरी तात्पुरती निष्क्रिय करता येते. मग अंगातील स्थितिक विद्युतभार घालवावा. आपल्या जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागातील कोरड्या हवेत हा विद्युतभार लवकर साठतो, विशेषतः हिवाळ्यात कृत्रिम धाग्याचे कपडे अंगावर असताना. सुमारे ३,००० व्होल्टांखालील झटका बोटाला जाणवतही नाही, पण चिपला इजा करण्यास त्याहून कितीतरी कमी दाब पुरतो. मनगटपट्टी वापरावी, ती नसेल तर भूसंपर्कित धातूला वरचेवर हात लावावा आणि पट्ट्या कडेने धराव्यात, सोनेरी टोकांना स्पर्श करू नये. अकोल्याकडे पावसाळ्यात प्रश्न उलट असतो. तेथे दमट हवेत बाहेर ठेवलेले यंत्र उघडण्यापूर्वी कोरड्या खोलीत काही तास ठेवलेले बरे.

झाकण पातळ प्लॅस्टिकच्या चपट्या साधनाने सावकाश सोडवावे. बाहेरच्या दुरुस्तीतून उद्भवणारे नुकसान पुष्कळदा रॅममुळे होत नाही. घाईने उचकटलेल्या झाकणाच्या मोडक्या कड्या आणि तुटलेल्या फितीच्या तारा त्याला कारणीभूत असतात. आणि हे नुकसान खरोखरच हमीबाहेरचे आहे, त्याबद्दल कंपनीला दोष देता येणार नाही. उघडण्यापूर्वी, उघडल्यावर आणि भाग बसविल्यावर अशी तीन छायाचित्रे मोबाइलवर काढून ठेवावीत. आतील भाग सुस्थितीत असल्याचा तो पुरावा ठरतो.

काढलेली मूळ रॅम आणि डिस्क तिच्याच विद्युतरोधी पिशवीत जपून ठेवावी. पुढे यंत्र सेवा केंद्रात द्यावयाचे झाल्यास, आपण जोडलेले भाग काढून मूळ भाग बसवून यंत्र द्यावे, असे कंपन्याच सांगतात. यात लपवाछपवी काही नाही. बाहेरचा भाग काढल्यावरही बिघाड कायम असेल, तर तो त्या भागामुळे चालू नाही हे तेथल्या तेथे दिसते. नव्या रॅमची व एसएसडीची हमी त्या-त्या उत्पादकाची निराळी असते. एसएसडीची बहुधा तीन किंवा पाच वर्षांची, रॅमची अनेकदा त्याहूनही लांब. तिचा लाभ घ्यावयाचा तर सिरीयल क्रमांक असलेले, जीएसटीसह पक्के बिल लागते. लॅपटॉपच्या मूळ हमीतही बॅटरीची मुदत पुष्कळदा यंत्रापेक्षा कमी, एकाच वर्षाची असते, हेही येथेच नमूद करतो.

दावा नाकारला गेल्यास

तंत्रज्ञाने तोंडी नकार दिला तर तो स्वीकारू नये. नकाराचे कारण, कोणत्या अटीखाली तो देण्यात आला ते कलम, आणि कोणत्या भागामुळे कोणते नुकसान झाले याचा तपशील लेखी मागावा. एवढ्या मागणीनेच पुष्कळ प्रकरणे मार्गी लागतात. न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ही सेवा कंपनीशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते.

त्यापुढचा मार्ग ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या या अधिनियमाने १९८६ च्या मूळ कायद्याची जागा घेतली. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, आणि ती ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. कंपनीचे कार्यालय बंगळूरला असले तरी तक्रारदाराने तेथे जाण्याचे कारण नाही; तो जेथे राहतो वा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत अहिल्यानगरच्या आयोगाकडे, अर्ज करता येतो. ई-जागृती या प्रणालीवरून तो घरबसल्याही दाखल होतो. हमीतील अटच मुळात अन्याय्य आहे, असे म्हणावयाचे असेल तर मात्र 'अनुचित करारा'ची ती तक्रार राज्य आयोगाकडे जाते. यासाठी जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटीवर भर देणे सामान्य ग्राहकाला सोयीचे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

पाथर्डीच्या गुरुजींना दुकानदाराने रॅमचे बिल म्हणून साध्या कागदावरची चिठ्ठी दिली होती. तिच्यावर ना सिरीयल क्रमांक, ना तारीख. कंपनीचा नकारही तोंडीच होता. परंतु त्यांच्याकडे मदरबोर्ड बदलल्याची सेवा केंद्राची पावती आहे, आणि तिच्यावर बिघाडाचे वर्णन म्हणून केवळ 'चार्जिंग होत नाही' एवढेच लिहिलेले आहे; रॅमचा उल्लेखही नाही. त्या पावतीची प्रत जोडून हमी नाकारण्याचे लेखी कारण विचारणारा ई-मेल त्यांनी मागील महिन्यात कंपनीला पाठविला. दोन वर्षांची मुदत संपण्यास अद्याप सात महिने आहेत.